चुकीसकट पत्र

"‘सदर स्वयंसेविका अत्यंत विनम्र, कष्टाळू व सेवाभावी असून...’" साहेबांनी इथवर वाचलं, पत्र टेबलावर पालथं घातलं आणि पुढचं सगळं खिडकीकडे बघत पाठ म्हणून दाखवलं. "‘संस्थेच्या कार्यात तिने मनोभावे सहभाग घेतला आहे. तिच्या भावी वाटचालीस आमच्या हार्दिक शुभेच्छा.’ बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? काना-मात्रेचा फरक नव्हता.

"गेल्या पाच वर्षांत हे पत्र मी वीसेक वेळा तरी वाचलं असेल. नाव तेवढं वेगळं असतं. तुमच्या संस्थेत एकही उर्मट माणूस कसा येत नाही, याचंच मला नवल वाटतं." साहेब चिडलेले नव्हते, दमलेले होते. चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. "मला सांगा, तुम्ही तिथे नेमकं करत काय होता?"

"अंध वाचकांसाठी बोलती पुस्तकं तयार होतात तिथे. वाचणारे वाचतात, मी ते रेकॉर्डिंग साफ करते. नको ते आवाज काढायचे, चुकलेली वाक्यं पुन्हा वाचून घेऊन जागेवर बसवायची, प्रकरणं लावायची. अकरा महिने झाले. एक्केचाळीस पुस्तकं."

"आम्हाला अशाच कोणाची तरी गरज आहे. शाळांसाठी धडे रेकॉर्ड करतो आम्ही." त्यांनी पत्र सुलटं केलं आणि वरून खाली नजर फिरवली. "पण यात त्यातलं काहीच नाही."

"मी सांगतेय ना."

"तुमचं बोलणं फाइलला टाचता येत नाही, कागद टाचता येतो. शुक्रवारी पाचला फाइल बंद होईल. तोवर काय काम केलं ते लिहिलेलं पत्र आणा, मग पुढचं बोलू. नाहीतर विनम्र माणसं माझ्याकडे ढिगाने पडली आहेत."

तो मंगळवार होता.

पदवी हातात पडल्यापासून दोन वर्षं ती एकच प्रश्न ऐकत आली होती, अनुभव आहे का? अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असं सांगण्यातलाच प्रकार. शेवटी कोणीतरी सुचवलं, कुठेतरी स्वयंसेवक म्हणून जा, हाताला वळण लागेल आणि कागदही मिळेल. म्हणून ती बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयाचा जिना चढली होती. सेवा करायला नव्हे, काम शिकायला. पहिल्याच दिवशी तिने संस्था चालवणाऱ्या बाईंना तसं सांगून टाकलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती. बाई त्यावर शांतपणे हसल्या होत्या. "येतात सगळे शिकायलाच. राहतात ते सेवेसाठी."

ग्रंथालय म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीच्या कोपऱ्यात कपाटाएवढी एक खोपटी, तिच्या भिंतींना आतून गाद्या ठोकलेल्या. वाचणारा आत बसला की पंखा बंद. हातातलं घड्याळ काढायचं, बांगड्या काढायच्या, पान उलटताना ओठ मिटायचे. भरल्या पोटी वाचायला बसायचं नाही, धाप लागते. रिकाम्या पोटीही नाही, पोट बोलतं आणि माइकला तेही ऐकू येतं. तासाभराने वाचणारा बाहेर यायचा तो जणू अंगावर घागर ओतून घेतल्यासारखा.

बाहेरच्या टेबलावर संगणक आणि त्याच्यासमोर ती. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत, भिंतीला डोकं टेकून, ऐकणारे काका.

काका जन्मापासून अंध. बत्तीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून इथे येऊन बसले. तयार झालेलं प्रत्येक पुस्तक आधी काकांच्या कानांखालून जायचं. जिथे अडलं तिथे ते यंत्र थांबवत, मांडीवरची लोखंडी पाटी सरळ करत आणि जाड कागदाच्या चिठ्ठीवर टोचणीने ब्रेलचे ठिपके टोचत. पुस्तक कोणतं, कितवं मिनिट, काय खटकलं. दुरुस्ती झाली की त्याच चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ, कोणी केली आणि कशी झाली. माणसांना ते नावाने ओळखत नसत, आवाजाने ओळखत. खुर्ची करकरवणारे ते कुरकुर. निवृत्त नर्समावशी मिनिटाला मोजून तेवढेच शब्द वाचायच्या म्हणून त्या घड्याळ. आणि ही दिवसभर माउस टिकटिकवत आवाज कापत बसायची, म्हणून ही कात्री.

"आपल्या पायाखाली चष्म्याचं दुकान आहे ना गं कात्री?" पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं.

"आहे, काका."

"म्हणजे दिव्याखाली अंधार असतो तसं इथे अंधाराखाली दिवा. कोणी पाहुणे आले की सांगायला बरं."

त्या पहिल्याच महिन्यात तिने ती चूक केली. नर्समावशींनी चौदा तासांची एक कादंबरी वाचली होती. पडद्यावर आवाजाच्या लाटा उमटतात आणि दोन वाक्यांच्या मध्ये एक बारीकसा फुगवटा दिसतो. तो वाचणाऱ्याचा श्वास. तिला वाटलं, ही धूळ. साफ करायलाच तर आपण बसलोय. नऊ दिवस खपून तिने चौदा तासांतला श्वास न् श्वास वेचून काढला, आणि सगळं चकचकीत झाल्यावर मूळ रेकॉर्डिंगवरच ते जतन करून टाकलं. मूळ प्रत राहिलीच नाही.

काकांनी अर्धा तास ऐकलं आणि यंत्र बंद केलं. चिठ्ठी लिहिली, मग तीच वाचून दाखवली. "या पुस्तकात कोणी जिवंत नाही. परत करा."

"पण काका, एक शब्द चुकलेला नाही."

"शब्द नाही चुकला. माणूस गेला." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "तुम्ही वाचणाऱ्याचं तोंड बघता. आम्हाला समोर कोणीतरी बसलंय हे कशावरून कळतं? तो श्वास घेतो त्यावरून. चौदा तास मी रिकाम्या खोलीत बसून ऐकायचं का?"

मूळ प्रत नाही हे कळल्यावर नर्समावशींनी डोक्याला हात लावला नाही, की आदळआपट केली नाही. चष्मा पुसला आणि कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. चौदा तास, पंखा बंद. त्या चौदा तासांत ती बाहेर बसून काय शिकली ते तिचं तिलाच ठाऊक. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय तिने एका आवाजालाही हात लावला नाही. पुढे ती ब्रेलही शिकली, काकांना प्रत्येक चिठ्ठी वाचून दाखवायला लागू नये म्हणून. आधी डोळ्यांनीच वाचायची. काकांना त्याचं भारी हसू यायचं. म्हणायचे, "डोळ्यांनी ब्रेल वाचणं म्हणजे चमच्याने पाणी पिणं. पितेस, पण तहान कधी भागायची?"

हे सगळं त्या पत्रात ‘मनोभावे सहभाग’ एवढ्यात बसवलेलं होतं.

बुधवारी ती बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. बाई म्हणजे संस्थेच्या संस्थापक, सत्तरीच्या घरातल्या, कृश, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. एकतीस वर्षं त्यांनी ही संस्था स्वतःच्या खांद्यावर वाहिली होती. भिंतीवर स्वतःचा फोटो नाही, कुठल्या कार्यक्रमात हार नाही. अशा माणसापुढे तक्रार घेऊन जायचं म्हणजे आपलाच आवाज आपल्याला मोठा वाटायला लागतो.

तिने साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि पत्र हातात घेऊन परत तिच्याकडे सरकवलं.

"आपल्याकडे हेच पत्र असतं, बाळ. पहिल्या दिवसापासून."

"बाई, पण त्यात मी काय केलं ते नाही."

"नसू दे की. सेवेची पावती फाडायची नसते. मी फाडली का कधी?" त्या दुखावल्या नव्हत्या, समजावत होत्या. "आज तुला वेगळं लिहून दिलं तर उद्या सगळे मागतील. माझं हे, माझं ते. मग इथे काम राहणार नाही, हिशेब राहील."

"मागू देत ना. ज्याने जे केलं ते लिहायचं. त्यात कोणाचं काय जातं?"

"तू चांगली मुलगी आहेस. हट्ट करू नकोस."

ती चांगली मुलगी होती हे खरं, आणि तेवढंच त्या पत्रात होतं. तिने ते उचललं, नीट घडी घातली आणि बाईंच्या टेबलावर ठेवून दिलं.

"हे पत्र मी घेत नाही, बाई. कामही सोडत नाही. बेचाळिसावं पुस्तक अर्धं झालंय, ते पूर्ण करते. पण हे माझं पत्र नाही. हे कोणाचंच नाही."

जिन्याचा कठडा धरूनच ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बाबांनी ऐकल्याबरोबर निकाल दिला. बाबा चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. "आम्ही लग्नाच्या पत्रिका अशाच छापायचो. मजकूर तोच, नवरा-नवरी तेवढी बदलायची. एकदा घाईत एका पत्रिकेत दुसऱ्याच नवऱ्याचं नाव पडलं आणि लग्न लागेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. छापील मजकूर कोण वाचतो? तू आपली संप कर."

"फुकटच्या कामात कसला संप, बाबा? आणि पुस्तक थांबलं तर ऐकणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?"

"मग बस विनम्र होऊन."

आईचं मत लगेच मिळणं शक्य नव्हतं, कारण ही गुरुवारची सकाळ होती आणि अजून नऊ वाजले नव्हते. रोज पहाटे उठल्यापासून नऊपर्यंत आई मौन पाळायची. वीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. नऊपर्यंत या घरात माझं राज्य असतं, असं बाबा म्हणत, पण राज्य करताना सारखे घड्याळाकडे बघत. आईने भांडी लावली, जप पूर्ण केला, पदराला हात पुसले आणि नऊ वाजून गेल्यावर लेकीसमोर येऊन बसली.

"तुझ्या बाईंचं अगदीच चुकत नाही. सेवेची पावती मागू नये."

"झालं. तूही?"

"ऐक पुरतं. सेवा तू केलीस ती कोणाची? ऐकणाऱ्यांची. त्यांच्याकडे काही मागू नकोस. पण बाईंकडे तू पावती मागत नाहीयेस, खरं बोलणं मागते आहेस. खऱ्याला सेवा कधी आड येत नाही." आई थांबली. तिला एका दमात जास्त बोलायची सवय नव्हती. "आणि एक सांग. त्या कादंबरीचं, श्वास कापल्याचं, तुझ्या पत्रात यायला हवं असं तू म्हणालीस का?"

"ते कशाला? ती चूक होती."

"मग तुलाही खरं नको आहे. तुला फक्त यापेक्षा चांगलं छापील पत्र हवंय."

हे तिला लागलं. बाबा काहीतरी विनोद करणार होते, त्यांनी तो गिळला.

"जा," आई म्हणाली. "आवाज चढवू नकोस. हळू बोल, पण हटू नकोस."

दुपारी तिने काकांना सगळं सांगितलं. काका हेडफोन गळ्यात ठेवून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "माझ्या चिठ्ठ्या कुठे असतात गं?"

"बाईंच्या खोलीतल्या कपाटात. पडद्यांच्या जुन्या कापडाखाली. पाच खोकी आहेत."

"कोणी वाचतं त्या?"

"मी वाचते. दुरुस्तीपुरत्या."

"म्हणजे तू काय काय केलंस ते सगळं तारीखवार त्याच खोलीत पडलंय. तुझ्या बाईंच्या खुर्चीपासून चार पावलांवर. पण ते डोळसांना वाचता येत नाही." काका खुशीत आले. "जन्मभर लोकांनी मला कागद वाचून दाखवले. उद्या मी एक वाचून दाखवतो."

शुक्रवारी अकरा वाजता ते दोघं बाईंच्या खोलीत गेले. नर्समावशीही आल्या. वाचन सोडून आल्या होत्या, म्हणजे त्यांच्या हिशेबाने जगबुडीच. पत्राची घडी बुधवारी ठेवली तिथेच, टाचणीच्या डबीखाली होती. बाईंनी वर बघितलं.

"मी माझं सांगितलंय, बाळ."

"हो, बाई. मला आज माझं सांगायचंय. त्याआधी काकांना दहा मिनिटं द्या."

कपाटातून खोकी निघाली. काकांनी ती आल्यापासूनच्या खोक्यात हात घातला, चिठ्ठ्यांच्या कडांवरून बोटं फिरवली आणि वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात वाचायला लागले.

"पुस्तक सात. भाग दुसरा, बारावं मिनिट. खालच्या दुकानाचं शटर ऐकू येतं. कात्रीने काढलं. शब्दाला धक्का नाही. पुस्तक नऊ. वाचणारे कुरकुर. खुर्ची एकशे चार वेळा वाजली. कात्रीने एकशे तीन वेळा काढली. एक राहिली ती बरी वाटते, राहू द्या. पुस्तक सोळा. लेखिका रडते त्या पानावर वाचणारीचाही गळा भरून आला आहे. कात्रीने विचारलं, काढू का? मी म्हटलं, हात लावलास तर बोटं मोडीन."

नर्समावशी हसल्या. बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या हातातला पेन खाली आला होता.

"कात्री कोण?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत चिठ्ठ्यांमधली नावं त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"मी," ती म्हणाली. "काका, तिसरी चिठ्ठी वाचा. पहिल्या महिन्यातली."

काकांची बोटं अडली. "ती कशाला?"

"वाचा."

"पुस्तक दोन. या पुस्तकात कोणी जिवंत नाही. परत करा." त्यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं. "खाली लिहिलंय, मूळ प्रत पुसली गेली. घड्याळाने चौदा तास पुन्हा वाचलं. कात्री चौदा तास खोपटीबाहेर बसून होती. आता तीन प्रती ठेवते."

"बाई, हेही पत्रात लिहा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द सुटा येत होता. "मला स्तुती नकोय. विनम्र, कष्टाळू, सगळं खोडा. मी काय केलं ते लिहा आणि काय बिघडवलं तेही लिहा. चांगलंच तेवढं लिहून मागितलं असतं तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. मग तो हिशेबच. पण हे झालंय, या खोलीत झालंय आणि या खोक्यांत आहे. झालेलं लिहायला सेवा आड कशी येते?"

बाई उठून खिडकीशी गेल्या. मग मागे न वळताच म्हणाल्या, "माझ्याबद्दल आहे का त्यात काही? पुस्तकांच्या प्रस्तावना मीच वाचते."

काका चिठ्ठ्या चाचपत होते, पण वाचत नव्हते.

"आहे वाटतं," बाई म्हणाल्या. "वाचा, मास्तर."

"बाई, राहू द्या ना."

"वाचा."

काकांनी चिठ्ठी काढली. यावेळी हजेरीचा आवाज नव्हता. "प्रस्तावना. वाचणाऱ्या बाई. वाक्याचा शेवट गिळतात. ‘आहे’ की ‘नाही’ ते कळत नाही. कात्रीने आवाज उचलून ऐकण्याजोगा केला. कात्री म्हणते, बाईंना सांगायला हवं. मी म्हटलं, नको."

"अशा किती आहेत?"

"पुष्कळ," काका म्हणाले. "पंधरा वर्षांच्या."

बाईंनी नर्समावशींकडे बघितलं. नर्समावशींनी नजर चुकवली. मग बाईंनी तिच्याकडे बघितलं. तिने चुकवली नाही.

"पंधरा वर्षं मला कोणी का नाही सांगितलं?"

"सगळे शुभेच्छाच देत होते, बाई," ती म्हणाली.

म्हटल्यावर तिला वाटलं, तोंडातून जरा जास्तच गेलं. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. बाई खुर्चीत बसल्या. चेहरा उतरला होता. खालून चष्म्याच्या दुकानातलं बोलणं ऐकू येत होतं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि संस्थेचा कोरा कागद काढला.

"सांग. मी लिहिते."

आणि तिथे खरी लढाई सुरू झाली. बाईंनी लिहिलं, ‘संपादनास सहाय्य केले.’ ती म्हणाली, सहाय्य नाही, संपादन केलं. माझ्याशिवाय दुसरं कोण करत होतं, ज्याला मी सहाय्य केलं? बाईंनी खोडलं. ‘निष्ठापूर्वक’ आलं. ती म्हणाली, निष्ठा मोजता येत नाही, पुस्तकं मोजता येतात. बाईंनी तेही खोडलं. ‘स्वयंसेविका’ या शब्दावर मात्र बाई अडल्या. तो मी काढणार नाही, म्हणाल्या. ती म्हणाली, काढूच नका, ती मी आहेच. चुकीचं वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा बाईंचाच हात जड झाला. "अगं, वाचणारा काय म्हणेल? दुसरे काही शब्द..." नर्समावशींनी तेवढ्यात तोंड घातलं. "अहो, चौदा तास मी वाचलंय ते. माझ्या चौदा तासांना सौम्य शब्द नकोत."

कागद तीनदा बदलला. जेवायची सुट्टी गेली. चौथा कागद पूर्ण झाल्यावर बाईंनी तो हातात धरला आणि मोठ्याने वाचला, सावकाश, एकेका वाक्याच्या टोकापर्यंत जात. काका भिंतीला डोकं टेकून ऐकत होते. पाटी त्यांच्या मांडीवर नव्हती.

"सही करते," बाई म्हणाल्या. "पटलंय म्हणून नाही. यातलं काही खोटं नाही म्हणून."

"मला तेवढंच हवं होतं, बाई."

"आणि सोमवारी उरलेले नऊ स्वयंसेवक येऊन उभे राहिले तर?"

"तर खोकी पाच आहेत," ती म्हणाली. "मी वाचून दाखवायला येईन."

साडेचारला ती साहेबांच्या समोर होती. साहेबांनी पत्र घेतलं, पहिल्या ओळीवरच तोंड उघडलं आणि मिटलं. हे पाठ नव्हतं. ते वाचत गेले. शेवटच्या परिच्छेदापाशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"हे चुकीबद्दलचं लिहायचं कोणी ठरवलं? बाईंनी?"

"मी लिहायला लावलं त्यांना."

"का? असलं लोक झाकून ठेवतात."

"झाकलं असतं तर तुम्ही आता मला काय विचारलं असतं?"

साहेबांनी पत्राकडे पुन्हा एकदा बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. "बरं. श्वास सगळे ठेवायचे म्हणता. शाळेतल्या मुलांसाठी धडा असेल, वाचणाऱ्याला सर्दी झाली असेल, दर वाक्याला नाक ओढतोय. मग?"

दोन वर्षांत कुठल्याही टेबलावर तिला कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. ती सांगत गेली. नाक ओढणं कुठून सुरू होतं आणि श्वास कुठे, दोघांच्या मध्ये किती जागा असते, कुठे कापलं तर चालतं, कुठे कापलं तर माणूस तुटतो. दरवर्षी बदलणारा धडा असेल तर प्रती कशा ठेवायच्या, कोणत्या नावाने. मध्येच साहेबांनी शेजारच्या खोलीतून एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने आणखी दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिला आलं, दुसऱ्याचं नाही, आणि नाही येत म्हणून तिने सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले.

साहेबांनी पत्राला भोक पाडलं, फाइलला लावलं आणि फाइल बंद केली.

"आठ दिवसांत कळवू. निवड झाली तर फोन येईल. नाही झाली तर कळवायची आमच्याकडे पद्धत नाही."

ती उठली नाही.

"नाही झाली तरी कळवा," ती म्हणाली. "आणि कारण लिहून द्या. मला काय येत नाही ते. छापील नको."

"साठ जणांना लिहीत बसू का मी?"

"साठ जणांचं मला माहीत नाही, साहेब. मी माझं मागतेय. बाकीच्यांनी मागितलं तर त्यांनाही द्या."

तंत्रज्ञ दारात उभा राहून बघत होता. साहेबांनी दमलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, ती उठते का याची थोडी वाट पाहिली. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी फाइलच्या कव्हरवर कोपऱ्यात ‘निवड न झाल्यास कारण लेखी कळवावे’ अशी एक ओळ लिहिली आणि ती तिला वाचता यावी म्हणून फाइल फिरवून तिच्यासमोर धरली.

तिने शेवटपर्यंत वाचली. मग उठली.